डॉ. मणी आणि मूत्रपिंडाचा प्रश्न



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे मूत्रपिंडाचा विषय पाहून काहींनी चालकांकडे चौकशी केली म्हणे, की ही छापखान्याची चूक तर नव्हे? शंका रास्त आहे. बोनस, महागाई भत्ता आणि किमान वेतन यांखेरीज दुसऱ्या कशासाठी आम्ही घसा कोरडा केल्याचे आपण कधी ऐकलेले नाही. शिवाय आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मागाच्या खडखडाटात आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा सभागृहात डॉक्टर मंडळी बसली असतील, त्यांना आमच्या बोलण्यात चूक आढळली तर त्यांनी खुशाल उठून सांगावे. भर सभेत अडवले जाण्याची आम्हाला सवय आहे.

हा विषय आमच्याकडे आला तो असा. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनचा एक सभासद, वय बेचाळीस, यंत्रमागावरचा जुना कामगार. त्याचे पाय सुजू लागले. बारा तासांची पाळी उभ्याने काढायची, तेव्हा पाय सुजणारच, असे त्याला वाटले आणि आम्हालाही वाटले. मग भूक गेली, मळमळ सुरू झाली आणि एके रात्री धाप लागली. एका दवाखान्यात नेले. रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टर म्हणाले, "दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीन वेळा यंत्रावर यावं लागेल." त्याच्या बायकोने विचारले, "किती दिवस?" डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली नाही. म्हणाले, "कायमचंच."

यंत्राचा खर्च सरकारी योजनेतून भागला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. आज जिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात, तिच्यात डायलिसिस बसते. परंतु एस.टी.चे भाडे त्यात बसत नाही, बुडालेली पाळी बसत नाही. आठवड्यातले तीन दिवस जो यंत्राशेजारी पडून असतो, त्याला उरलेल्या दिवसांत माग कोण देणार? बायको कांड्या भरायला जाऊ लागली. थोरल्या मुलीची शाळा सुटली. आणि एक दिवस त्याच्या नात्यातला कोणी एक अनोळखी इसम घेऊन आमच्या कचेरीत आला. इसम फार गोड बोलणारा. किडनी मिळवून देतो म्हणाला. देणारा तयार आहे, कागदपत्रांचे आम्ही पाहतो, युनियनने फक्त पैसे उभे करावेत. देणारा कोण, म्हणून विचारले, तर हसून म्हणाला, "आहे एक मागवालाच. उचलीत बुडालाय."

आम्ही त्याला घालवून दिले. चौदा महिन्यांनी आमचा सभासद गेला. त्याची बायको अजून आमच्याशी धड बोलत नाही आणि तिला दोष देण्याचे आमचे धाडस नाही.

पुढे त्याच्या फंडाचे कागद लावताना एक जुनी चिठ्ठी हाती लागली. मरणाच्या पाच वर्षे आधी धोट्याने बोटाला लागले म्हणून तो एका दवाखान्यात गेला होता. तिथे कोणीतरी रिवाज म्हणून त्याचा रक्तदाब मोजून चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता : १७०/११०. त्याखाली काहीच नव्हते. बोटाला पट्टी बांधून त्याला परत पाठवले होते. त्या आकड्याचा अर्थ त्याला कोणी सांगितला नाही आणि ती चिठ्ठी त्या वेळी आमच्या हातात पडली असती, तर आम्हालाही तो कळला नसता.

त्या चिठ्ठीपासून आम्ही वाचू लागलो आणि वाचता वाचता मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, डॉ. मुत्तुकृष्ण मणी यांच्यापर्यंत येऊन पोचलो. त्यांचीच हकीकत आज सांगायची आहे. पण आधी हे मूत्रपिंड काय आहे, ते आम्हाला समजले तसे सांगतो.

पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना मुठीएवढ्या आकाराचे दोन अवयव. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. या गाळण्या मिळून दिवसाकाठी रक्तातले सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्यातले कामाचे सारे परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर टाकतात. असा कारखाना आम्ही कुठे पाहिलेला नाही. याला सुट्टी नाही, पाळी नाही, आणि मालाची जवळजवळ सगळी परतफेड! परंतु या कारखान्याची एक खोड आहे. यातले निम्मे कामगार मेले तरी उरलेले त्यांचे काम ओढतात आणि बाहेर ब्र निघत नाही. दहातले आठ-नऊ गेले म्हणजे मग फाटकाबाहेर बातमी फुटते. तोवर वेळ गेलेली असते. आणि हे कामगार मारणारे मुख्य शत्रू दोनच : वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह. दोन्ही न दुखणारे. कंबर धरली, गुडघे धरले म्हणून रोज दुकानातून आणून खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या त्यांना मदत करतात. आमच्या लाइनीत त्या गोळ्या चहाबरोबर खाल्ल्या जातात.

रक्त शरीराबाहेर काढून धुण्याचे यंत्र विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने बनवले. साल १९४३, हॉलंड नाझींच्या टाचेखाली, गाव काम्पेन. धातू मिळेना म्हणून लाकडी पट्ट्यांचा रहाट केला. त्याभोवती गुंडाळायला सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी घेतली आणि रहाट फिरवायला एनॅमलची कुंडी मिळाली ती गावातल्याच भांड्यांच्या कारखान्यातून. पहिले पंधराएक रोगी जवळजवळ सगळे दगावले. १९४५ साली सदुसष्ट वर्षांची एक बाई वाचली. ती नाझींना सामील झालेली म्हणून तुरुंगात होती. लोकांना ते आवडले नाही. डॉक्टरने समोरचा रोगी पाहिला.

पुढे १९६० मध्ये अमेरिकेत सिअॅटल येथे स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवण्याची युक्ती काढली, तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा धुता येऊ लागले. म्हणजे रोगी वर्षानुवर्षे जगू लागला. आणि लगेच प्रश्न आला : यंत्रे थोडी, रोगी पुष्कळ, जगवायचे कोणाला? तेव्हा त्या शहराने सात जणांची एक समिती नेमली. वकील, धर्मोपदेशक, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, शल्यविशारद. आणि सातवा एक कामगार पुढारी! हे वाचले त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. तो दलाल आमच्या कचेरीत समोर बसला होता, तेव्हा आम्ही त्याच खुर्चीवर बसलो होतो आणि आम्हाला ते ठाऊकही नव्हते.

हिंदुस्थानात अशी समिती कोणी नेमली नाही. नेमण्याची गरज पडली नाही. निवड पैशानेच केली. साठीच्या सुरुवातीला वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात डायलिसिस सुरू झाले आणि १९७१ मध्ये तिथेच जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण झाले. चंदीगडला डॉ. किरपालसिंग चुघ यांनी या विद्येचे शिक्षण उभे केले. आज देशातले कितीतरी मूत्रपिंडतज्ज्ञ त्यांचे शिष्य किंवा शिष्यांचे शिष्य आहेत. परंतु ही सारी केंद्रे बोटांवर मोजण्याइतकी. सामान्य माणसाला डायलिसिस हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. तो शब्द खेड्यापाड्यांत पोचला तो एका रोग्यामुळे, आणि तो रोगी होता जयप्रकाश नारायण.

जेपी आमच्यासारख्यांचे पूर्वज. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षे ते ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते, हे आजच्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, त्यांना पकडले आणि चंदीगडच्या रुग्णालयात स्थानबद्ध ठेवले. तिथे त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. ती कशाने झाली यावर पुढे फार वाद झाला, चौकशीही बसली. त्यात आज शिरत नाही. नोव्हेंबरात त्यांना सोडले आणि मुंबईला जसलोक रुग्णालयात आणले. या जसलोकचे उद्घाटन दोनच वर्षांपूर्वी, १९७३ साली, खुद्द इंदिरा गांधींच्या हस्ते झालेले! इतिहास अशा कोट्या करतो, आम्ही करीत नाही.

जसलोकमध्ये मूत्रपिंडाचा विभाग डॉ. मणी पाहत होते. बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांचा मधुमेही माणूस, देहाचा सापळा झालेला, आणि दारावर सरकारची नजर. त्या काळातल्या यंत्रावर, त्या काळातल्या औषधांवर अशा रोग्याचे काही महिने निघाले तरी पुष्कळ, असे कोणीही म्हटले असते. जेपी जवळजवळ चार वर्षे जगले. नुसते अंथरुणावर नव्हे. १९७७ च्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा विरोधी पक्षांची मोट बांधणारा, सभांतून बोलणारा हा माणूस दर दोन-तीन दिवसांनी यंत्राकडे परतत होता. दोन डायलिसिसच्या मधल्या फटीत त्याने एक राजवट उलथवली. या देशातल्या त्या निवडणुकीचे श्रेय अनेकांनी आपापल्या खिशात घातले. यंत्राच्या नळ्या जोडणाऱ्यांची नावे कोणी घेतली नाहीत.

यंत्राचीही एक गोष्ट आहे. जेपींना स्वतःचे यंत्र हवे, म्हणजे त्यांना पाटण्याला घरी राहता येईल, म्हणून लोकांकडून वर्गणी जमा होऊ लागली. सामान्य माणसाने रुपया रुपया द्यावा, अशी कल्पना. १९७६ मध्ये पंतप्रधानांच्या निधीतून ९० हजार रुपये आले. जेपींनी आभार मानून ते परत केले. लोकांच्या रुपयाचे घेतले. बंधूंनो, फंड गोळा करणे हा आमचा धंदाच आहे, आणि म्हणून सांगतो, की परत केलेल्या पैशाची ताकद गोळा केलेल्या पैशाहून मोठी असते. मार्च १९७९ मध्ये जेपी जसलोकमध्ये अत्यवस्थ असताना ते गेल्याची वार्ता दिल्लीला पोचली, पंतप्रधानांनी लोकसभेत तशी घोषणाही केली, आणि जेपी जिवंत होते! ते गेले पाटण्याला, ८ ऑक्टोबर १९७९ रोजी.

आता एक गणित मांडू. एका जेपींना जगवायला देशाने रुपया रुपया घातला आणि त्याचे सार्थक झाले. पण त्याच वर्षांत त्याच रोगाने गेलेल्या हमालाला, विणकराला, शेतमजुराला कोण रुपया घालणार होते? आणि घातला असता तरी तो पुरला असता का? डॉ. मणींच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले, की याच गणिताने त्यांचा पिच्छा सोडला नाही असे दिसते. त्यांच्या पदव्यांची आणि मानसन्मानांची जंत्री वाचण्यासाठी आम्ही उभे नाही. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले एवढे सांगतो आणि पुढे जातो.

मुंबईहून ते मद्रासला अपोलो रुग्णालयात गेले आणि तिथल्या मूत्रपिंड विभागाचे प्रमुख झाले. इथे आमच्यातला युनियनवाला जागा होतो, हे कबूल करतो. अपोलो म्हणजे भांडवलदारांचे रुग्णालय, भागधारकांचा दवाखाना. अशा ठिकाणच्या डॉक्टरची कहाणी आम्ही का सांगावी? आमच्या एका सहकाऱ्याने हे तोंडावर विचारलेही. त्याला आम्ही म्हटले, माणूस कोणाच्या इमारतीत बसतो हे पाहावेच. पण तिथे बसून तो कोणाशी भांडतो, हेही पाहावे.

भांडण असे होते. ऐंशीच्या दशकात रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये यासाठी नवी प्रभावी औषधे आली, आणि मुंबई-मद्रासकडे मूत्रपिंड विकत घेणाऱ्यांची रीघ लागली; त्यात परदेशचे श्रीमंतही होते. १९९४ पर्यंत या खरेदी-विक्रीला आपल्या कायद्यात बंदी नव्हती. मद्रासजवळच्या विल्लिवाक्कम वस्तीत इतक्या लोकांनी मूत्रपिंडे विकली, की तिला लोक 'किडनीवाक्कम' म्हणू लागले. या व्यवहाराचे समर्थन करणारे काही अडाणी नव्हते. चांगले नावाजलेले डॉक्टर होते. त्यांचा युक्तिवाद असा : रोगी जगतो, गरिबाला पैसा मिळतो, दोघेही राजी, मग तिसऱ्याच्या पोटात का दुखावे? हा युक्तिवाद ऐकला, की आम्हाला आपल्या बाजारातली ओळखीची भाषा ऐकू येते. बारा तास मागावर उभा राहणाराही राजीच असतो! उचल घेणाराही राजीच असतो!

डॉ. मणी त्याच शहरात, त्याच पेशात राहून या व्यवहाराच्या विरुद्ध उभे राहिले. परिषदांतून बोलले, नियतकालिकांतून लिहिले. १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. विक्री गुन्हा ठरली. पण कायद्यात एक फट राहिली : नातलग नसलेल्या माणसालाही प्रेमापोटी किंवा आपुलकीने मूत्रपिंड देता येईल, मात्र समितीची मंजुरी हवी. आणि पाहता पाहता झोपडपट्टीतल्या बायांना कधी न पाहिलेल्या व्यापाऱ्यांविषयी प्रेम वाटू लागले! समित्यांपुढे कागद येत, शिक्के पडत. मणी 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त चेन्नईहून पत्रे लिहीत. १९९७ मधल्या एका पत्राला त्यांनी जे शीर्षक दिले त्याचा मराठीत अर्थ 'कायद्याचे गाढव करणे' असा होतो. ज्या माणसाला आपल्याच व्यवसायबंधूंत रोज वावरायचे आहे, त्याने असे लिहिणे सोपे नसते. कामगारांच्या सभेत मालकाला शिव्या घालणे त्याहून पुष्कळ सोपे. आम्ही दोन्ही करून पाहिलेले नाही, पण दुसरे करून पाहिले आहे.

विकणाऱ्यांचे पुढे काय झाले? २००१ साली काही संशोधकांनी चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ लोकांना गाठून विचारले. ते संशोधन २००२ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापले गेले. शंभरातल्या ९६ जणांनी कर्ज फेडण्यासाठी विकले होते. सरासरी मिळाले १०७० डॉलर. आणि त्यानंतर? कुटुंबाचे उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटले. शंभरातल्या ८६ जणांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले. बहुतेक जण अजूनही कर्जात होते. शंभरातले ७९ म्हणाले, दुसऱ्या कोणाला आम्ही हा सल्ला देणार नाही. तमिळनाडूतल्या पल्लिपालयमच्या यंत्रमाग कामगारांविषयीही अशाच बातम्या पुढे वारंवार आल्या. मागवाले, उचलवाले, आमचीच जात. "आहे एक मागवालाच" हे शब्द आम्ही विसरू शकत नाही ते यासाठी.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की यंत्र सर्वांना पुरत नाही आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड विकत घेऊ देत नाही, तर रोग्याने करावे काय? टीकाकार मणींना हेच विचारीत असतील, आणि आमच्या सभासदाच्या बायकोच्या डोळ्यांत आम्हाला हेच दिसते. जवळच्या नातलगाचे दान, मृताच्या अवयवांचे दान हे मार्ग आहेतच आणि त्यांसाठी झटलेच पाहिजे. परंतु ते थोड्यांच्या वाट्याला येतात. मणींनी उत्तर शोधले ते रुग्णालयात नव्हे, मद्रासबाहेरच्या खेड्यांत.

किडनी हेल्प ट्रस्ट नावाचा एक न्यास चेन्नईत होता. नव्वदीच्या दशकात मणींनी त्याच्यामार्फत चेन्नईजवळची सुमारे २५ हजार वस्तीची खेडी हाती घेतली. तिथल्याच शाळा शिकलेल्या मुली निवडल्या, परिचारिकासुद्धा नव्हेत. त्यांना रक्तदाब मोजायला आणि लघवी तपासायला शिकवले. मुली घरोघर जात. आजाराची लक्षणे विचारणारे थोडेसे प्रश्न. मग दंडाला पट्टा. मग लघवीच्या दोन परीक्षा. पहिली, नळीत सल्फोसॅलिसिलिक अॅसिड टाकायचे. लघवी गढूळ झाली तर तिच्यातून प्रथिन जात आहे, म्हणजे गाळणीला भोके पडली आहेत. दुसरी, बेनेडिक्टचे निळे द्रावण घालून तापवायचे. हिरवे, पिवळे, तांबडे होत गेले तर साखर. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत ज्यांनी विज्ञान घेतले होते त्यांना हे आठवेल. तयार पट्ट्या बाजारात मिळतात. पण त्या महाग, म्हणून हे जुने द्रावण. ज्यांच्यात दोष आढळे त्यांना डॉक्टर तपासत आणि औषध सुरू होई.

औषधांची निवड तर पाहण्यासारखी आहे. मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांनी केव्हाच माळ्यावर टाकलेली औषधे मणींनी खाली काढली, कारण ती स्वस्त. मधुमेहाला ग्लायबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन. रक्तदाबाला हायड्रोक्लोरोथायाझाइड, हायड्रालाझिन आणि रिसर्पिन. हे रिसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेचा अर्क. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे जगाच्या वैद्यकापुढे पुराव्यानिशी मांडले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ साली, एका इंग्रजी नियतकालिकात. पन्नास वर्षांनी तेच औषध तमिळ खेड्यातल्या शेतमजुराच्या हातात पडले. नवे ते चांगले आणि महाग ते आणखी चांगले, ही समजूत डॉक्टरांत जशी आहे तशी रोग्यांतही आहे. मणींनी ती मोडून पाहिली.

परिणाम काय झाला? उपचार घेणाऱ्या रक्तदाबाच्या रोग्यांपैकी शंभरातल्या नव्वदाहून अधिकांचा दाब आटोक्यात आला. मधुमेह आटोक्यात येणारे निम्म्याहून थोडे अधिक; साखर हा हट्टी शत्रू आहे. काही वर्षांनी हेच काम शेजारच्या नव्या खेड्यांत सुरू करताना त्यांनी तुलना केली. जिथे आधीपासून काम चालू होते तिथे मूत्रपिंडाची शक्ती घटलेली माणसे हजारी सुमारे ९ आढळली. जिथे अजून कोणी गेले नव्हते तिथे हजारी सुमारे १४. शास्त्रज्ञ म्हणतील की दोन वेगळ्या वस्त्यांची अशी तुलना तंतोतंत धरू नये, आणि ते बरोबर आहे. परंतु आम्ही संप मागे घेताना याहून पुष्कळ कमी पुराव्यावर निर्णय घेतले आहेत.

आणि खर्च? दरडोई वर्षाला पाव डॉलरहून किंचित अधिक. त्या वेळच्या आपल्या पैशात बारा-तेरा रुपये. हा आकडा आम्ही पुनःपुन्हा तपासून पाहिला, कारण आमचा विश्वास बसेना. जेपींच्या यंत्रासाठी माणशी एक रुपया मागितला होता. या कामाला माणशी महिन्याला एक रुपया पुरत होता.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. चांगले झाले, आमचा सभासद जे चौदा महिने जगला ते यंत्रांमुळेच जगला आणि त्या महिन्यांत त्याने धाकट्या बहिणीचे लग्न पाहिले. कोणी यंत्रे बंद करा म्हणेल तर आम्ही रस्त्यावर येऊ. पण यंत्राची फीत कापायला मंत्री येतो, छायाचित्र येते. खेड्यातली मुलगी नळीत दोन थेंब टाकते, तेव्हा तिथे कोणी फीत बांधत नाही. आणि आमच्यासारख्या पुढाऱ्यांचेही तसेच आहे, हे आता कबूल करतो. तीस वर्षे आम्ही कामगाराच्या पगारावर भांडलो, बोनसच्या आठ टक्क्यांचे साडेआठ टक्के केले, मोर्चे काढले. त्या तीस वर्षांत आम्ही एकाही सभासदाचा रक्तदाब मोजला नाही. ते दवाखान्याचे काम, असे म्हणत आलो. दवाखान्याने मोजला आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

गेल्या दिवाळीपासून युनियनच्या कचेरीत पगाराच्या दिवशी एक टेबल मांडतो. कांडी भरणाऱ्या दोघी मुली, दहावी झालेल्या, पट्टा बांधायला शिकल्या आहेत. गावातले एक डॉक्टर महिन्यातून दोनदा फुकट येऊन बसतात. सुरुवातीला कामगार लाजत. पट्टा बांधून घ्यायला नव्हे, लघवीची बाटली द्यायला! आता रांग लागते. ज्याचा आकडा चढा निघतो त्याला चिठ्ठी मिळते, आणि चिठ्ठीची दुसरी प्रत कचेरीत राहते. पुढच्या पगाराला तो आला नाही तर त्याच्या मागापाशी जाऊन त्याला बोलावून आणायचे, हे मुलींचे काम. त्या फार कडक आहेत.

आज चालकांच्या परवानगीने ते टेबल बाहेर मांडवात, पाणपोईच्या डाव्या अंगाला, मांडलेले आहे. दोघी मुली बसल्या आहेत. अध्यक्षांचे समारोपाचे भाषण झाल्यावर ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे. एक गोष्ट सांगायची राहिली : या विषयावर इतके बोलणाऱ्या आम्ही स्वतः गेल्या महिन्यापर्यंत पट्टा बांधून घेतला नव्हता. मुलींनी बळेच बसवले. आकडा १६२ निघाला. तेव्हा आमच्या चिठ्ठीची दुसरी प्रतही आता कचेरीत आहे, आणि आज आमची फेरतपासणीची तारीख आहे. त्या वाट पाहत असतील.